जहाजाचा वेग गाठींत का मोजतात? ‘नॉट’ या शब्दाची गोष्ट

नाशिकपासून समुद्र सरळ रेषेत शंभर-सव्वाशे किलोमीटर लांब, आणि मध्ये सह्याद्री उभा. तरीही जानेवारी ते एप्रिल या काळात दिंडोरी, निफाड, पिंपळगाव भागात जहाजांची जेवढी चौकशी होते तेवढी कोकणातल्या एखाद्या गावातही होत नसेल. द्राक्षांचा कंटेनर न्हावा शेवा बंदरातून नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम बंदराकडे निघाला की पॅकहाऊसवाले, निर्यातदार, बागायतदार सगळेच मोबाइलवर जहाज शोधायला लागतात. निळ्या नकाशावर एक छोटा बाण दिसतो. त्यावर बोट ठेवलं की जहाजाचं नाव, दिशा आणि वेग येतो: १६.२ नॉट.

हा नॉट काय आहे? ‘किलोमीटरच्या दुपटीला थोडं कमी’ असं बहुतेकांना ऐकून माहीत असतं, आणि कामापुरतं ते बरोबरही आहे. इंग्रजीत नॉट म्हणजे गाठ, दोरीला मारतात ती. वेगाचा आणि गाठीचा संबंध काय, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही. ती गोष्ट मला फार आवडते, कारण तिच्यात साडेचारशे वर्षांपूर्वीच्या खलाशांची हातचलाखी आहे आणि पृथ्वीच्या आकाराचं गणितही आहे.

आधी व्याख्या सांगून टाकतो. एका तासात एक सागरी मैल अंतर कापणं म्हणजे एक नॉट वेग. सागरी मैल १,८५२ मीटरचा असतो. म्हणून एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. तोंडी हिशोब करायचा तर नॉटचा आकडा दुप्पट करा आणि त्यातून दहावा हिस्सा वजा करा. १६ चे ३२, त्यातून ३.२ गेले, राहिले २८.८. खरं उत्तर २९.६ आहे, पण घाईत एवढं चालतं.

आता गाठींकडे येऊ. जमिनीवर वेग मोजायला मैलाचे दगड असतात. भर समुद्रात चारही बाजूंना नुसतं पाणी. जहाज किती वेगाने चाललंय हे कळलं नाही तर दिवसभरात किती अंतर तोडलं हे कळत नाही, आणि ते कळलं नाही तर आपण नकाशावर कुठे आहोत हेच सांगता येत नाही. मग रात्री खडकावर जहाज आदळायला वेळ लागत नाही. त्या काळात वेगाचा आकडा म्हणजे जिवाचा प्रश्न होता.

सगळ्यात साधा उपाय असा होता की जहाजाच्या पुढच्या टोकावरून लाकडाचा तुकडा पाण्यात टाकायचा आणि तो मागच्या टोकापर्यंत यायला किती वेळ लागतो ते मोजायचं. लाकूड जवळपास जागच्या जागी तरंगतं, पुढे जातं ते जहाज. जहाजाची लांबी माहीत असतेच. पण जहाज फार लांब नसायचं आणि वेळ सेकंदांत मोजायची साधनं ओबडधोबड होती. त्यामुळे थोडी चूक झाली तरी उत्तर भलतंच यायचं.

यावर तोडगा निघाला तो दोरीचा. विल्यम बोर्न या इंग्रजाने १५७४ साली छापलेल्या नौकानयनाच्या पुस्तकात या पद्धतीचं वर्णन आहे. लाकडाला लांब दोरी बांधायची, लाकूड मागून पाण्यात सोडायचं, आणि ठरलेल्या वेळात किती दोरी बाहेर गेली ते मोजायचं. जहाजाची लांबी कितीही असो, दोरी हवी तेवढी लांब घेता येते.

पुढे हे साधन चांगलंच सुधारलं. लाकडाच्या ओंडक्याऐवजी एक पातळ फळी आली, वर्तुळाचा चौथा हिस्सा कापून घ्यावा तशा आकाराची. तिच्या गोल कडेला शिशाची पट्टी ठोकलेली असायची. शिसं जड, त्यामुळे ती कड खाली बुडायची, टोक वर राहायचं आणि फळी पाण्यात उभी तरंगायची. उभ्या फळीला पाणी अडतं, ती जहाजामागे ओढली जात नाही. तिच्या तिन्ही कोपऱ्यांना एकेक दोरी, आणि त्या तिन्ही पुढे मुख्य दोरीला जोडलेल्या. यातली एक दोरी मात्र कायमची बांधलेली नसायची, ती लाकडी खुंटीने अडकवलेली असायची. मोजणी झाली की दोरीला जोरात हिसका द्यायचा. खुंटी निसटली की फळी आडवी पडायची आणि सहज ओढून वर घेता यायची. खुंटी नसती तर उभी फळी भर वेगात ओढताना माणसांच्या हाताची सालं निघाली असती. मला या सगळ्या यंत्रात ती खुंटीच जास्त भावते.

मोजणीला साधारण तीन माणसं लागायची. एक जण दोरीचं रीळ दोन्ही हातांनी डोक्यावर धरून उभा राहायचा. येवल्यात संक्रांतीला गच्चीवर आसारी धरून उभा असलेला पोरगा डोळ्यापुढे आणा, पतंगाने ढील ओढली की आसारी कशी गरगर फिरते, तसंच ते रीळ फिरायचं. दुसऱ्याच्या हातात वाळूचं घड्याळ. तिसरा फळी पाण्यात सोडून दोरीवर हात ठेवायचा. पहिली बरीचशी दोरी मोजणीत धरायची नाही, कारण जहाजाच्या लगेच मागे पाणी घुसळलेलं असतं आणि त्यात फळी स्थिर राहत नाही. ही सुरुवातीची दोरी संपते तिथे चिंधी बांधलेली असायची. चिंधी हातातून गेली की तिसरा माणूस ओरडायचा, दुसरा त्याच क्षणी घड्याळ उलटं करायचा. वाळूचा शेवटचा कण पडला की दुसरा ओरडायचा, आणि तिसरा दोरी गच्च पकडायचा.

चिंधीपासून पुढे दोरीवर ठराविक अंतरावर खुणा असायच्या. पहिल्या खुणेला बारीक सुतळीचा तुकडा आणि त्याला एक गाठ, दुसऱ्या खुणेला दोन गाठी, तिसऱ्याला तीन. अंधारातही ती खूण बोटांना कळायची. घड्याळ संपलं तेव्हा हातात पाच गाठींची खूण असेल तर जहाजाचा वेग पाच गाठी. म्हणजेच पाच नॉट. गाठी मोजून जो आकडा यायचा तोच वेग, मध्ये कुठलाही गुणाकार नाही, भागाकार नाही. खलाशी बहुतेक निरक्षर होते हे लक्षात घेतलं तर ही सोय किती मोलाची होती ते कळतं.

पण गुणाकार न करता उत्तर कसं यायचं? त्यासाठी दोन खुणांमधलं अंतर आधीच हिशोबाने ठरवलेलं असायचं. वाळूचं घड्याळ २८ सेकंदांचं आणि दोन खुणांमधलं अंतर ४७ फूट ३ इंच, हे पुढे रूढ झालेलं प्रमाण. एका तासात ३,६०० सेकंद, म्हणजे २८ सेकंदांचे साधारण १२८.५७ तुकडे. ४७ फूट ३ इंच गुणिले १२८.५७ करा, उत्तर येतं ६,०७५ फूट. आणि आजचा सागरी मैल, १,८५२ मीटर, फुटांत मोजला तर ६,०७६ फूट भरतो. एका मैलामागे एका फुटाचा फरक, तोही सुतळी आणि वाळूच्या भरवशावर. जहाज फार वेगात असलं तर १४ सेकंदांचं घड्याळ वापरायचे आणि गाठींचा आकडा दुप्पट करायचे.

हा सागरी मैल असा विचित्र आकड्याचा का, हा खरा प्रश्न आहे. १,८५२ मीटर कुणी मनाला येईल तसे ठरवले नाहीत. याचं उत्तर नाशिकच्या पत्त्यातच आहे.

नाशिक शहर जवळपास अचूक २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. विषुववृत्त शून्य अंश, उत्तर ध्रुव ९० अंश. प्रत्येक अंशाचे ६० भाग करतात, त्या भागाला मिनिट म्हणतात. हे घड्याळातलं मिनिट नव्हे, कोनाचं. पृथ्वीच्या पृष्ठभागावर उत्तर-दक्षिण दिशेने अक्षांशाचं एक मिनिट सरकलं की जेवढं अंतर होतं, तेवढा एक सागरी मैल. २० गुणिले ६० म्हणजे १,२००. याचा अर्थ नाशिक विषुववृत्तापासून सुमारे १,२०० सागरी मैल उत्तरेला आहे. नकाशाच्या कडेवरचे अंश पाहिले की अंतर आपोआप कळतं, वेगळी पट्टी लागत नाही. दिंडोरी साधारण २० अंश १२ मिनिटांवर आहे. १२ मिनिटांचा फरक, म्हणून १२ सागरी मैल, म्हणजे २२ किलोमीटर. आपल्या देशाची सागरी हद्दही किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतच असते. नाशिकहून दिंडोरीला जाताना जेवढं उत्तरेला सरकतो तेवढी आपली हद्द समुद्रात आत जाते, असं धरलं तर ती डोळ्यांपुढे उभी राहते.

पूर्व-पश्चिम दिशेने मात्र हे लागू होत नाही. रेखांश ध्रुवांकडे जवळ येत जातात, त्यामुळे रेखांशाचं एक मिनिट विषुववृत्तावर मोठं आणि उत्तरेला छोटं होत जातं. नाशिकच्या अक्षांशावर ते १.७४ किलोमीटरच्या आसपास भरतं. म्हणून दर्यावर्दी नकाशावर अंतर मोजताना कंपास नेहमी नकाशाच्या उभ्या कडेवर ठेवतात, आडव्या कडेवर नाही.

खलाशांना याचा उपयोग काय, तर आकाश वाचता यायचं. ध्रुवतारा क्षितिजापासून जितके अंश वर दिसतो तेवढाच साधारण आपला अक्षांश. नाशिकमधून तो उत्तरेला २० अंशांच्या आसपास उंचीवर दिसतो. जहाज सरळ उत्तरेला चाललंय आणि तारा एका अंशाने वर चढला, तर जहाज ६० सागरी मैल आलं. दोरीच्या गाठींनी काढलेलं अंतर आणि ताऱ्याने सांगितलेलं अंतर एकाच मापात असल्यामुळे एकाची दुसऱ्यावरून पडताळणी करता यायची.

पण पडताळणी करायची तर पृथ्वी नेमकी केवढी आहे हे माहीत हवं, आणि ते बराच काळ नीट माहीत नव्हतं. इंग्रज खलाशी पूर्वी मैल ५,००० फुटांचा धरून चालायचे. त्यांच्या दोरीवर ४२ फुटांवर गाठ असायची आणि घड्याळ ३० सेकंदांचं. म्हणजे त्यांची सहा गाठींची मोजणी आली तरी जहाज प्रत्यक्षात पाचच सागरी मैलांच्या वेगाने चाललेलं असायचं. १६३३ ते १६३५ या काळात रिचर्ड नॉरवुड या गणितज्ञाने लंडन आणि यॉर्क या दोन शहरांमधलं अंतर साखळीने आणि जिथे साखळी चालली नाही तिथे पावलांनी मोजलं. दोन्ही ठिकाणी सूर्याची उंची घेऊन अक्षांशांचा फरक काढला, आणि अक्षांशाचं एक मिनिट ६,१२० फुटांचं येतं असं १६३७ साली जाहीर केलं. पायी मोजलेल्या रस्त्यावरून काढलेला हा आकडा आजच्या आकड्यापेक्षा शेकड्यामागे एकाहूनही कमी चुकलेला आहे. त्याने ३० सेकंदांच्या घड्याळाला ५० फुटांवर गाठ मारावी असं सुचवलं.

खलाशांनी ते लगेच मानलं नाही, आणि त्यांची बाजू मला पटते. गाठी जवळ मारल्या तर हिशोबात जहाज खऱ्यापेक्षा पुढे दिसतं. म्हणजे जमीन अजून लांब असताना आपण सावध होतो. उलट झालं, जमीन लांब आहे असं समजून झोपलो आणि ती पुढ्यात आली, तर सगळं संपलं. त्यामुळे पूर्ण अचूक दोरीपेक्षा जरा आखूड गाठींची दोरी त्यांना सुरक्षित वाटायची.

पुढे फ्रान्समध्ये मीटर ठरवला गेला तोही पृथ्वीवरूनच. विषुववृत्तापासून ध्रुवापर्यंत १०,००० किलोमीटर, असा त्याचा पाया होता. आता त्याच अंतराची मिनिटं करा. ९० गुणिले ६०, म्हणजे ५,४००. दहा हजार किलोमीटर भागिले ५,४००, उत्तर येतं १.८५२ किलोमीटर. विचित्र वाटणारा आकडा हा असा आला. पृथ्वी अगदी गोल नाही, ध्रुवांकडे थोडी चपटी आहे. त्यामुळे मिनिटाची लांबी जागेनुसार काही मीटरने बदलते आणि देशोदेशीचे सागरी मैल थोडेथोडे वेगळे होते. १९२९ साली मोनॅकोत झालेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत १,८५२ मीटर हा आकडा पक्का केला गेला.

इथे आपल्याकडच्या बातम्यांत हमखास होणारी एक चूक सांगायलाच हवी. ‘ताशी ६० नॉट वेगाने वारे’ असं वाक्य वादळाच्या दिवसांत वाचायला मिळतं. ते चुकीचं आहे. नॉट या शब्दातच तास आलेला आहे, कारण तो वाळूच्या घड्याळासकट जन्मला. ‘६० नॉट’ म्हणा किंवा ‘ताशी ६० सागरी मैल’ म्हणा. ‘ताशी ६० नॉट’चा शब्दशः अर्थ लावला तर वेग दर तासाला ६० नॉटने वाढतोय असा होतो.

त्या फळीने आणखी एक शब्द दिला, तो आपण दिवसभर वापरतो. ओंडक्याला इंग्रजीत लॉग म्हणतात, आणि त्या साधनाचं नावही लॉगच पडलं. मोजलेला वेग, दिशा, वारा याची नोंद ज्या वहीत व्हायची ती लॉगबुक. ट्रकच्या केबिनमधली लॉगबुक, संगणकावरचं लॉगिन, ब्लॉग, सगळ्यांचं मूळ तो पाण्यात टाकलेला ओंडका.

दोरीचे दोषही होते. ओली झाली की दोरीची लांबी बदलायची, वाळू दमट झाली की घड्याळ हळू चालायचं, काचेचं भोक झिजलं की जोरात. सगळ्यात मोठी अडचण वेगळीच होती. फळी पाण्यावर तरंगते, आणि समुद्रातलं पाणी स्वतःच वाहत असतं. प्रवाह पुढच्या दिशेला दोन नॉटचा असेल तर फळी दहा नॉट सांगेल आणि जहाज जमिनीच्या हिशोबाने बारा नॉट चाललेलं असेल. हा फरक आजही आहे. पाण्यातून जाण्याचा वेग आणि तळाच्या जमिनीवरून सरकण्याचा वेग असे दोन वेगळे आकडे जहाजावर असतात. मोबाइलवर आपल्याला दिसतो तो दुसरा, उपग्रहावरून काढलेला. त्यामुळे इंजिन तेवढंच चालत असूनही आकडा एक-दीड नॉटने खालीवर होतो. त्याने घाबरून जाऊ नये.

फळी आणि वाळू गेली, पुढे पाण्यात फिरणाऱ्या पात्यांची यंत्रं आली, मग उपग्रह आले. माप मात्र तेच राहिलं, कारण अक्षांशांचं गणित बदललेलं नाही. विमानांनीही ते जहाजांकडून उचललं. नाशिकच्या ओझर विमानतळावर उतरणाऱ्या वैमानिकाला धावपट्टीवरचा वारा नॉटमध्येच सांगतात. हवामान खात्याची चक्रीवादळांची वर्गवारीही नॉटवर बसवलेली आहे. वाऱ्याचा वेग ३४ नॉटला पोचला की चक्रीवादळ, ४८ ला तीव्र चक्रीवादळ, ६४ ला अतितीव्र. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं ते तीव्र चक्रीवादळ होतं, वारा ताशी १०० ते ११० किलोमीटर. नॉटमध्ये हे ५४ ते ५९ होतात, म्हणजे ४८ च्या वर आणि ६४ च्या खाली. किलोमीटरमध्ये या वर्गांच्या सीमा ६२, ८९, ११८ अशा अडनिड्या आकड्यांवर का पडतात, तेही यावरून कळतं.

बागायतदारांच्या कामाची एक गोष्ट इथेच सांगतो. हवामानाच्या काही नकाशांवर वाऱ्यासाठी काडी काढलेली असते आणि तिच्या टोकाला पिसासारख्या रेघा असतात. अर्धी रेघ ५ नॉट, पूर्ण रेघ १० नॉट, आणि भरीव त्रिकोण ५० नॉट. सगळ्यांची बेरीज करायची. पिसं असलेलं टोक ज्या दिशेला, तिकडून वारा येतो. दोन पूर्ण आणि एक अर्धी रेघ दिसली तर २५ नॉट, म्हणजे ताशी ४६ किलोमीटर. काढणीला आलेल्या बागेच्या तारा आणि अँगल त्याआधीच तपासून घ्यावेत.

राहिला रॉटरडॅमचा हिशोब. नॉट म्हणजे तासाला सागरी मैल, म्हणून दिवसाचं अंतर काढायला फक्त २४ ने गुणायचं. १६ नॉटने दिवसाला ३८४ सागरी मैल. सुएझ कालव्यातून मुंबई ते रॉटरडॅम अंतर साधारण ६,४०० सागरी मैल धरलं तर सतरा दिवस होतात. २०२३ च्या अखेरीला तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यावर बऱ्याच कंपन्यांनी जहाजं आफ्रिकेला वळसा घालून न्यायला सुरुवात केली. तो रस्ता १०,७०० सागरी मैलांच्या आसपास आहे. त्याच १६ नॉटने अठ्ठावीस दिवस लागतात. शून्य अंशाच्या आसपास ठेवलेल्या द्राक्षांच्या देठाला हे अकरा दिवस कळतात.

मग जहाज जोरात का हाकत नाहीत, असं कुणीही विचारेल. पाण्याचा विरोध फार झपाट्याने वाढतो. इंजिनाला लागणारी ताकद साधारण वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. १६ चे २० नॉट करायचे म्हणजे वेग सव्वापट, पण ताकद जवळजवळ दुप्पट लागते. म्हणून कंपन्या उलट वेग कमी करून इंधन वाचवतात. नकाशावर १६ चा आकडा १४ दिसला तर दिवसाला ३३६ सागरी मैल होतात, आणि लांबच्या रस्त्याने अठ्ठावीसचे बत्तीस दिवस. मधल्या बंदरांचे थांबे यात धरलेले नाहीत. ते जहाजाच्या वेळापत्रकात बघून वर मिळवायचे आणि मगच खरेदीदाराला तारीख द्यायची.